जीर्णोद्धार कीं नवी घडण? मुंबईंतील जुन्या यंत्रांच्या संग्रहांचें परीक्षण

गेल्या कांहीं वर्षांत जुनीं यंत्रें जमविण्याची, तीं दुरुस्त करून चालतीं करण्याची व लोकांस दाखविण्याची आवड मुंबईंत वाढीस लागली आहे. फोर्टांतून जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली म्हणजे रस्त्याच्या दोहों बाजूंस गर्दी लोटते व दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत छायाचित्रें झळकतात. ही आवड स्तुत्य आहे. ज्या शहराचें वैभव यंत्रांनीं उभें केलें त्या शहरानें यंत्रांची आठवण ठेवावी हें उचितच होय. परंतु आवड स्तुत्य असली म्हणजे तिचें फळहि विश्वसनीय असतें असें नाहीं, आणि या त्रैमासिकाचा संबंध फळाशीं आहे. अशा संग्रहांत जें जुनें म्हणून मांडलें जातें तें इतिहासाचें साधन म्हणून कितपत वापरतां येईल, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों. मुख्य उदाहरण म्हणून आम्हीं शेतीचा ट्रॅक्टर निवडला आहे. गिरगांव-परळच्या वाचकास ही निवड चमत्कारिक वाटेल. तिचें कारण पुढें ओघानें येईलच.

आरंभीं शब्दाविषयीं दोन शब्द. जुनें यंत्र पुन्हा सिद्ध करण्याच्या क्रियेस आपल्याकडे 'जीर्णोद्धार' म्हणण्याचा प्रघात पडत आहे. हा शब्द देवळांवरून उचललेला आहे, आणि तो उचलतांना देवळांच्या जीर्णोद्धारांत जें घडतें तेंहि त्याबरोबर आलेलें दिसतें. हेमाडपंती देवळाच्या दगडांवर तैलरंगाचे थर चढतात, गाभाऱ्यास गुळगुळीत फरशी बसते, पडक्या शिखराच्या जागीं सिमेंटाचें शिखर येतें, आणि दारावर देणगीदारांच्या नांवांची पाटी लागते. भाविकांच्या दृष्टीनें देऊळ उजळलें. संशोधक मात्र रंगाखालीं गेलेला शिलालेख शोधीत बसतो. जुन्या यंत्रांच्या बाबतींत नेमका हाच प्रकार चालू आहे, असें आमचें म्हणणें आहे.

आतां ट्रॅक्टराकडे वळूं. मुंबईंत नांगरण्याजोगी जमीन नाहीं, म्हणून ट्रॅक्टराचा व या शहराचा संबंध नाहीं, अशी समजूत सहज होते. ती खरी नव्हे. महाराष्ट्रांत शेतीच्या सुधारलेल्या अवजारांची कथा सांगावयाची तर ती भायखळ्यापासून सुरू करावी लागते. १८८७ सालीं स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९२३ सालीं माटुंग्यास गेली; त्यापूर्वीं ती भायखळ्यास असतां लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथें शिक्षक होते. चित्रकला शिकण्यास ते मुंबईस आले, रंग ओळखण्यांतील दृष्टिदोषामुळें ती सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, आणि पुढें नोकरीहि सोडून बेळगांवीं गेले. तेथें १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें त्या नांगरास दोन वर्षें गिऱ्हाईक मिळेना, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० सालीं. नांगराच्या फाळाची जी रेखा पुढें सबंध दक्षिण महाराष्ट्रांत उमटली, ती काढणाऱ्या हातानें वळण घेतलें तें भायखळ्याच्या फळ्यावर.

त्यानंतर यंत्रें बंदरांतून येऊं लागलीं. शिवडीस जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं मोटारींची जुळणी सुरू केली व १९५४ सालीं ती बंद केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराजवळ उरलेले ट्रॅक्टर हातीं घेऊन केंद्र सरकारनें १९४७ सालीं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली. मध्य हिंदुस्थानांतील हजारों एकर जमीन कांस नांवाच्या खोल मुळ्यांच्या गवतानें व्यापली होती. ती मोडून काढण्याकरितां नवे ट्रॅक्टर विकत घ्यावयास जागतिक बँकेनें १९४९ सालीं १ कोटि डॉलरचें कर्ज दिलें. पुढें १९६३ सालीं महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनीं मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापिली. तिचा कारखाना कांदिवलीस. विक्रीची व्यवस्था पाहणाऱ्या व्होल्टासचें ठाणें चिंचपोकळीस. या कंपनीचा 'बी-२७५' हा लाल ट्रॅक्टर महाराष्ट्रांतील कित्येक गांवांनीं पाहिलेला पहिला ट्रॅक्टर होय. १९७७ सालीं ही कंपनी महिंद्र कंपनींत विलीन झाली.

याहूनहि जवळचा संबंध माणसांचा आहे. लालबाग-परळचा गिरणीकामगार हा कोंकणांतून किंवा घाटावरून आलेला शेतकरी. पेरणीच्या दिवसांत तो रजा काढून गांवीं जाई, आणि त्याच्या जागीं बदली कामगार सांच्यावर उभा राही. खानदेश-वऱ्हाडच्या शेतांतला कापूस कॉटन ग्रीनच्या वखारींत येई व तेथून गिरणींत जाई. शेतांतील नांगर व गिरणींतील सांचा हीं एकाच धाग्याचीं दोन टोकें होत. एकास सोडून दुसऱ्याचा इतिहास लिहितां येत नाहीं. आणि म्हणूनच मुंबईंतील यंत्रसंग्रहांचें परीक्षण करतांना ट्रॅक्टर हें माप आम्हीं हातीं घेतलें आहे.

ट्रॅक्टराचें माप घेण्यास दुसरेंहि एक कारण आहे. मोटार ही श्रीमंताच्या दाराशीं उभी असे. तिची छायाचित्रें, पावत्या, वर्णनें कोठेंना कोठें सांपडतात. संस्थानिकाची गाडी कोणी, केव्हां, कितीस घेतली हें कागदांवरून सांगतां येतें. ट्रॅक्टराचें तसें नाहीं. तो विकत घेणाऱ्यानें रोजनिशी लिहिलेली नसते, व दुरुस्त करणाऱ्या लोहारानें तर नसतेच नसते. म्हणून ट्रॅक्टराच्या बाबतींत पुष्कळ वेळां त्याचें अंग हेंच त्याचें एकमेव दफ्तर असतें. मोटारीचा रंग खरवडला तर एक पुरावा जाऊन दुसरा राहतो. ट्रॅक्टराचा खरवडला तर मागें कांहींच उरत नाहीं.

हें दफ्तर वाचावयाचें कसें तें एका उदाहरणानें सांगतों. फोर्ड कंपनीचा 'फोर्डसन एन' हा ट्रॅक्टर १९२९ सालापासून आयर्लंडांतील कॉर्क येथें होऊं लागला. तेव्हां त्याचा रंग राखी होता. १९३३ सालीं कारखाना इंग्लंडांत डॅगनम येथें हलला व रंग निळा झाला. १९३७ सालीं तो नारिंगी करण्यांत आला. पुढें युद्ध सुरू झालें. शेतांत उभा असलेला नारिंगी ट्रॅक्टर विमानांतून स्पष्ट दिसतो, यासाठीं १९४० च्या सुमारास तो हिरवा झाला. म्हणजे या यंत्रावरील रंगाचा सर्वांत तळचा थर हाच त्याचा शक आहे. आंकड्यांची पट्टी गळून पडलेली असली तरी नखाएवढ्या मूळ रंगावरून तो यंत्र कोणत्या चार-सहा वर्षांतला हें सांगतां येतें. आतां यावर वाळूचा फवारा मारून सर्व थर उडविले, आणि चित्रांत सुंदर दिसतो म्हणून नारिंगी रंग चढविला, तर काय झालें? १९३४ सालचा ट्रॅक्टर १९३८ सालचा झाला. कागदावर कोणी अशी तारीख बदलली असती तर आपण त्यास कूटलेख म्हटलें असतें.

उलट बाजूहि लक्षांत ठेविली पाहिजे. १९४६ सालीं निघालेला फर्ग्युसनचा लहान ट्रॅक्टर दहा वर्षांत पांच लाखांहून अधिक संख्येनें बनला, व तो सर्व काळ राखीच होता. तेथें रंगावरून काळ निघत नाहीं. तेथें पाहावयाचें तें मागल्या बाजूच्या तीन दांड्यांकडे. अवजार ओढण्याबरोबर तें तेलाच्या दाबानें उचलण्याची सोय, जी आज प्रत्येक ट्रॅक्टरास असते, ती सर्वत्र नेली ती या यंत्रानें. या दांड्यांची झीज, त्यांस दिलेले जोड, तेथें बसविलेलें गांवठी अवजार, यांवरून त्या ट्रॅक्टरानें नांगरटी केली कीं नुसती गाडी ओढली हें कळतें. क्लचच्या पायट्यावरील झीज चालकाची संवय सांगते. लोखंडी बैठकीस मारलेला ठिगळाचा पत्रा खेड्यांतील लोहाराची भेट सांगतो. कांहीं कारखाने ओतीव भागांवर ओतकामाच्या काळाचीं सांकेतिक अक्षरें पाडीत. एकाच यंत्राच्या दोन भागांवर निरनिराळे काळ निघाले, तर दोन मोडक्या यंत्रांचें मिळून एक केलें असावें असा तर्क निघतो. जुने ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर घासलेटवर चालवीत, त्यासाठीं त्यांस दोन टाक्या असत. यांपैकीं लहान टाकी काढून टाकलेली असेल, किंवा मूळ इंजिनाच्या जागीं डिझेलचें इंजिन आलेलें असेल, तर तें यंत्र बिघडलें असें म्हणण्यापेक्षां त्याच्या चरित्रांतला एक अध्याय वाढला असें म्हणणें अधिक खरें.

संग्रहकर्त्यास नेमका हाच अध्याय नको असतो. त्यास यंत्र कारखान्याच्या दारांतून बाहेर पडलें त्या दिवशींचें हवें असतें. लोहाराचा पत्रा तो काढून टाकतो, दारुखान्यांतून दुसऱ्या यंत्राचा भाग आणतो, नागदेवीवरून नवे बेअरिंग घेतो, उरलेलें लेथवर घडवितो, व शेवटीं आरशासारखा रंग देतो. यांत कौशल्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परळ-लालबागकडे गिरण्यांच्या आश्रयानें वाढलेले जे ओतारी, लेथवाले व फिटर होते, त्यांच्या हाताखालीं शिकलेलीं माणसें आजहि असें काम करतात कीं मूळ भाग कोणता व नवा कोणता हें मागाहून त्यांस स्वतःसहि ओळखूं येऊं नये. दुर्दैव असें कीं जेवढें काम चांगलें तेवढी इतिहासाची हानि अधिक. वाईट दुरुस्ती निदान स्वतःस लपवीत तरी नाहीं.

पोथ्यांच्या बाबतींत हा वाद आपल्याकडे केव्हांच निकालांत निघाला आहे. जुन्या काळचे नकलनवीस अडलेलें वाक्य स्वतःच्या बुद्धीनें सरळ करीत, जुना शब्द काढून चालता शब्द घालीत, व तें सर्व पोथीच्या हितासाठींच करीत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं व त्यांच्या पिढीनें आपणांस शिकविलें तें हें कीं, नक्कल सुबोध असली तरी अस्सलाची जागा घेऊं शकत नाहीं, आणि अस्सल फाटकें असलें तरी फाटकेंच छापावें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध केली. तिच्या संहितेंत जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिलेली आहे. त्या एका रेघेंत संपादकाचा सर्व प्रामाणिकपणा सांठविलेला आहे. वाचकास एकसंध ग्रंथ मिळतो, आणि कोठें पाय जपून टाकावा हेंहि कळतें. दुरुस्त केलेल्या यंत्रांत या नागमोडी रेघेस तोलेल असें काय आहे, हा आमचा प्रश्न आहे. नव्या भागावर, सहज न दिसेल पण शोधल्यास सांपडेल अशा जागीं, सालाचा ठसा मारणें हें काम पांच मिनिटांचें आहे. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं मान्य केलेल्या तुरिनच्या सनदेंतहि राखणें, जपणें व पुन्हा घडविणें यांत भेद करून, नवे भाग ओळखूं येतील असे ठेवण्याची दिशा दाखविली आहे. ती सनद रुळांवर न चालणाऱ्या यांत्रिक वाहनांसाठीं आहे, म्हणून ट्रॅक्टराचाहि तींत समावेश होतो.

आपल्या कायद्याची दृष्टि मात्र अजून मोटारीवरून हललेली नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ सालच्या जुलै महिन्यांत जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठीं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें झालेलीं, मूळ स्वरूपांत राखलेलीं, व सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलीं वाहनें 'व्हिंटेज' ठरून त्यांस 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. मूळ स्वरूपाची ही कसोटी कायद्यांत यावी हें आम्हांस समाधानाचें वाटतें. परंतु हे नियम दुचाकी व माणसें नेणाऱ्या चारचाकी गाड्या यांपुरते आहेत. ट्रॅक्टर, मालमोटार, रस्ता दाबण्याचें इंजिन यांस त्यांत जागा नाहीं. म्हणजे ज्या वाहनांत मालक बसून फिरला तें वाहन इतिहासजमा होऊं शकतें, ज्यानें काम केलें तें होऊं शकत नाहीं. नियम करणाऱ्यांच्या मनांत असा भेद होता असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. पण परिणाम तोच.

आतां मुंबईंत प्रत्यक्ष काय मांडलेलें आहे तें पाहूं. यंत्रांची सर्वांत मोकळी मांडणी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत झाली. १९८५ सालीं पूर्ण स्वरूपांत उघडलेल्या या संस्थेच्या आवारांत वाफेचें रेल्वे इंजिन, ट्रामचा डबा व वाफेवर चालणारी मालगाडी आणण्यांत आली. शेवटची वस्तु आमच्या विषयास सर्वांत जवळची: वाफेनें चालणारें व रुळांवांचून रस्त्यानें जाणारें इंजिन हाच ट्रॅक्टराचा पूर्वज होय. परंतु विज्ञान केंद्राचा हेतु तत्त्व समजावून देण्याचा असतो. वाफ दट्ट्या कशी ढकलते हें मुलास कळलें कीं तेथील काम संपलें. ती गाडी कोणाची, तिनें कोणता माल कोठून कोठें नेला, तिचा भट्टीवाला कोण, हे प्रश्न त्या आवाराचे नव्हेत. ते विचारण्यासाठीं दुसरें एखादें घर लागतें, व तें घर मुंबईंत नाहीं, ही आमची तक्रार आहे. शिवाय उघड्यावर ठेविलेल्या लोखंडाची या हवेंत काय गति होते हें सांगावयास नको. चार महिने पाऊस व बारा महिने खारा वारा. गंजापासून वांचवावयाचें तर ठराविक वर्षांनीं घासून रंग देणें भाग पडतें. यंत्र वांचतें आणि त्याचे थर जातात. यावर उपाय एकच, छप्पर. आणि मुंबईंत छपराएवढी महाग वस्तु दुसरी नाहीं.

ट्रामचें उदाहरण याहून बोलकें आहे. १८७४ सालच्या मे महिन्यांत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ सालीं विजेची आली, व ३१ मार्च १९६४ रोजीं रात्रीं बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. नव्वद वर्षें शहर ज्यांवर बसून हिंडलें त्या गाड्यांपैकीं किती उरल्या? आणिक आगारांतील बेस्टच्या संग्रहालयांत ट्राम व बसगाड्यांच्या लहान प्रतिकृति आहेत, आणि त्या काळजीपूर्वक केलेल्या आहेत. प्रतिकृतीस आमचा विरोध नाहीं. भायखळ्याचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, जें १८७२ सालीं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम या नांवानें उघडलें, त्याची कीर्ति कारागीर व व्यवसाय दाखविणाऱ्या मातीच्या लहान प्रतिमांवर पुष्कळशी उभी आहे. त्या प्रतिमा मूळ असल्याचा आव आणीत नाहींत. त्यांच्या घडणाऱ्यांनीं काय पाहिलें व काय पाहण्याजोगें मानलें, याचा पुरावा म्हणून त्या स्वतःच अस्सल आहेत. बोटभर उंचीची मातीची मूर्ति प्रामाणिक असूं शकते, आणि पुरी लांबीरुंदीची, चाकांवर उभी असलेली, चकचकीत गाडी अप्रामाणिक असूं शकते. भेद आकाराचा नाहीं, कबुलीचा आहे.

या संग्रहालयाच्या पूर्वेतिहासांतील एक प्रसंग येथें आठवतो. इमारत होण्यापूर्वीं संग्रह किल्ल्यांतील बराकींत होता. १८५७ सालीं सैन्यास जागा हवी झाली, तेव्हां वस्तु बाहेर फेकून देण्यांत आल्या. मग डॉ. जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी, नाना शंकरशेट प्रभृतींस नव्यानें आरंभ करावा लागला. जमीन हवी झाली कीं संग्रह बाहेर, हा या शहराचा जुना शिरस्ता आहे.

गिरण्यांच्या बाबतींत तोच शिरस्ता मोठ्या प्रमाणावर चालला. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी ताडदेवास १८५४ सालीं स्थापन होऊन १८५६ सालीं चालूं लागली. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थांबल्या, १९९१ व २००१ सालच्या विकास नियमांनीं जमिनीचा प्रश्न पुढें आणला, व सांचे, चात्या, बॉयलर भंगारांत गेले. उभ्या राहिल्या त्या चिमण्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीची चिमणी आज दुकानांच्या गर्दींत शोभेस उभी आहे. चिमणी पाहून धूर आठवतो, काम आठवत नाहीं. जी वस्तु सर्वांत उंच व सर्वांत मुकी ती राखली. धोटा ज्या सांच्यांतून धांवे, ज्याच्या आवाजानें माणसें बहिरीं होत, तो विकला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेंत वस्त्रोद्योगाचें संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना आहे, आणि तिचें स्वागत केलेंच पाहिजे. परंतु तिच्या पहिल्या टप्प्याच्या आराखड्यांत तळ्यांतल्या कारंज्यास मानाचें पान मिळालें. पुढच्या टप्प्यांत तरी यंत्रांची पाळी येवो. चालतें सांचेखातें दाखविणें कठीण नाहीं. तें चालवूं शकणारीं माणसें हाताशीं असावीं लागतात. संपाच्या वेळीं जो पंचविशींत होता तो आज सत्तरीस टेकला आहे.

येथें संग्राहकांच्या बाजूचा एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे, कारण तो बळकट आहे. ते म्हणतात, जें यंत्र चालत नाहीं तें यंत्रच नव्हे, तो लोखंडाचा ढीग. आणि चालवावयाचें तर झिजलेला भाग बदलावाच लागतो. पोथी न वाचतांहि पोथी राहते. इंजिन न चालतां इंजिन राहत नाहीं. यांत पुष्कळ तथ्य आहे. हँडल मारून ट्रॅक्टर सुरू करतांना अंगठा दांडीच्या कोणत्या बाजूस ठेवावा, नाहींतर उलट्या झटक्यानें मनगट मोडतें, हें ज्ञान कागदावर वाचून येत नाहीं. इंजिनाचा आवाज, घासलेटचा वास, ढेंकळांत गचके खाणारी बैठक, हीं सर्व साधनेंच आहेत. इंग्लंडांत १९५० सालीं ॲपलफर्ड गांवच्या आर्थर नॅपर या शेतकऱ्यानें आपल्या जुन्या वाफेच्या इंजिनाची दुसऱ्या एकाच्या इंजिनाशीं शेतांत शर्यत लावली. पैज होती बीरच्या पिंपाची. त्या चेष्टेंतून वाफेच्या इंजिनांच्या जत्रांची चाल पडली, आणि भंगाराच्या वाटेवरचीं शेंकडों इंजिनें वांचलीं. एखाद्या विद्वत्सभेनें ठराव करून तेवढीं वांचविलीं असतीं असें आम्हांस वाटत नाहीं.

तेव्हां हौशी मंडळींस दूर सारून हें कार्य होणार नाहीं, आणि हौसेवर सर्वस्वीं सोपवूनहि होणार नाहीं. आमच्या मतें निवड यंत्राच्या दुर्मिळतेवरून करावी. 'बी-२७५' सारखे जे ट्रॅक्टर अजून खेडोपाडीं आहेत, त्यांतील चार खुशाल चालते करावे, रंगवावे, मिरवावे. मात्र पांचवा जसा शेतांतून आला तसा, चिखलासकट, छपराखालीं ठेवावा. जो प्रकार एक-दोनच उरला आहे त्यास हात लावण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें, मापें व थरांची नोंद व्हावी, आणि निदान एक तळहातभर जागा मूळ रंगाची तशीच सोडावी. सामान्य वस्तूंस सर्वांत अधिक धोका असतो, हा अनुभव कागदपत्रांच्या बाबतींत आपण घेतलेलाच आहे. सनदा लोकांनीं पेटींत ठेविल्या. हिशेबाचे रुमाल रद्दींत गेले. आणि आज रुमालांवांचून आर्थिक इतिहास अडून बसला आहे. साठ वर्षांपूर्वींचा लाल ट्रॅक्टर हा आजचा हिशेबाचा रुमाल आहे. तो कोणास जुना वाटत नाहीं, म्हणूनच तो जाईल.

नांवाच्या पितळी पट्ट्यांविषयीं शेवटीं सांगितलें पाहिजे. यंत्र भंगारांत जातें तेव्हां त्याची पट्टी उपटून वेगळी विकली जाते, आणि बैठकीच्या खोलींत शोभेस लागते किंवा दुसऱ्याच यंत्रावर बसते. पट्टीवांचून यंत्र निनांवी होतें, व परक्या पट्टीनें तें खोटें होतें. सनदेवरचा शिक्का कापून दुसऱ्या कागदास चिकटविण्यासारखाच हा प्रकार आहे. ज्या वाचकांच्या गांवीं गोठ्याआड किंवा बांधावर असा जुना ट्रॅक्टर, तेलाचें इंजिन किंवा लोखंडी नांगर पडलेला असेल, त्यांनीं तो हलविण्यापूर्वीं पट्टीवर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीनें घासावें. शिलालेखाचा ठसा घेतात त्याच रीतीनें अक्षरें व आंकडे उमटतात. इंजिनाच्या अंगावर वेगळा क्रमांक कोरलेला असल्यास त्याचाहि ठसा निराळ्या कागदावर घ्यावा, कारण दोन क्रमांक जुळतात कीं नाहीं यावरूनच पुष्कळ उलगडा होतो. यंत्र कोणी, कोणत्या सालीं व कोणाकडून घेतलें, आणि तें दुरुस्त कोण करी, हें घरांतील वडील माणसांस विचारून मागल्या बाजूस लिहावें. असे ठसे मंडळाकडे आल्यास ते या त्रैमासिकांत क्रमशः प्रसिद्ध करण्याची व्यवस्था करूं.